असमाधानी प्रेक्षकाची दुरुस्ती

शनिवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी चित्रपट संपला आणि प्रेक्षकांना रीतसर बाहेर सोडण्याचं काम सुरू झालं.

बाहेरच्या दारापाशी छातीच्या उंचीवर एक यंत्र बसवलेलं होतं. त्यावर पाच तारे, आणि खाली ओळ : 'आपलं मत आमच्यासाठी अमूल्य आहे.' मत दिलं की दारातली आडवी पट्टी सरकायची आणि एक माणूस बाहेर जायचा. लोक भराभर पाचवा तारा दाबत होते. कुणी बोटानं, कुणी कोपरानं. एका बाईंच्या दोन्ही हातांत सामान होतं, त्यांनी कडेवरच्या झोपलेल्या मुलाच्या टाचेनं दाबला. यंत्रानं मुलाचे आभार मानले.

रांग छान चालली होती. मग वजनमापं निरीक्षकांचा नंबर आला आणि ते विचार करू लागले.

निरीक्षकांनी चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले होते. पाच ग्रॅमची तूटसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हीच सवय त्यांनी सिनेमाला लावली होती. त्यांच्या वहीत अकराशे चाळीस चित्रपटांची नोंद होती आणि त्यांपैकी फक्त सहांसमोर 'पूर्ण वजन' असा शेरा होता. वाईट चित्रपटांवर त्यांचा राग नव्हता. ते आपले प्रामाणिकपणे वाईट असतात, असं त्यांचं म्हणणं. राग यायचा तो चांगला होता होता कंटाळलेल्या चित्रपटांचा.

आजचा चित्रपट त्या जातीचा होता. एका जहाजाचा कप्तान आपला हरवलेला भाऊ शोधत असतो. भाऊ कोण, हे विसाव्या मिनिटाला कप्तान सोडून सगळ्या जहाजाला कळतं. पुढचे दोन तास वीस मिनिटं कप्तान सात वेळा रडतो. तरीही निरीक्षकांनी हिशेब चोख केला. समुद्र चांगला टिपला होता, एक तारा. जहाजावरचा म्हातारा आचारी दोनच प्रसंगांत होता, पण त्यानं खरंच आयुष्यभर कांदे चिरले असावेत असं वाटलं, एक तारा. उत्तरार्धात आठ सेकंद पार्श्वसंगीत बंद होतं, त्याचा अर्धा. एकूण अडीच.

यंत्रात अर्ध्याची सोय नव्हती. शंका आली की माप ग्राहकाच्या बाजूनं धरावं, हा त्यांच्या खात्याचा नियम. त्यांनी दोन दाबले.

"आपल्या मनमोकळ्या मताचा आम्ही आदर करतो," यंत्र म्हणालं. "कृपया बाजूला उभे राहा."

निरीक्षकांना घाई होती, आणि ती वहीपुरती नव्हती. त्यांच्या ताईचा एक डोळा मागच्याच वर्षी गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी आठ वाजता होतं. डॉक्टर "बघू या" एवढंच म्हणाले होते, आणि ते बघणं ताईच्या नशिबी असेल की नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून आज संध्याकाळी सहाच्या खेळाला तिला एक सिनेमा बघायचा होता. एकच.

दोन गल्ल्या सोडून एका लहानशा थिएटरात त्या सहांपैकी एक जुना चित्रपट आज सहाच्या एकाच खेळापुरता लागला होता. निरीक्षकांनी तो एकोणिसाव्या वर्षी पाहिला होता, ताईनं दिलेल्या पैशांत. ताईला तेव्हा सवड नव्हती, ती घर ओढत होती. पुढेही तिला सवड झाली नाही. तो तिला दाखवावा, हे त्यांच्या मनात चाळीस वर्षं होतं. पण शेजारणीनं ताईच्या कानावर घातलं, की नव्या सिनेमाला चार पॉइंट नऊ मिळालेत. ताई म्हणाली, "लोकांचे आकडे राहू देत. तू बघून ये आणि सांग, कुठला बघू ते. तुझ्या शब्दावर मी जाईन." म्हणून ते दुपारच्या पहिल्याच खेळाला आले होते.

त्यांना बाजूच्या समाधान कक्षात नेलं. तिथली मुलगी फार नम्र होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. 'असमाधानाचं कारण' या रकान्यात पाच पर्याय होते : खुर्ची, गारवा, शेजारचा प्रेक्षक, पॉपकॉर्न, स्वतःची मनःस्थिती.

"यात चित्रपट हा पर्याय दिसत नाही," निरीक्षक म्हणाले.

"सर, चित्रपटाबद्दल कुणाची तक्रारच नाहीये. चार पॉइंट नऊ आहेत."

"मग उरलेला पॉइंट एक कुणाचा?"

"आमच्या व्यवस्थापकांचा," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी ते प्रेक्षक म्हणून आले होते. एकच तारा दिला होता त्यांनी, एका दुसऱ्याच पिक्चरला. अजून इथेच आहेत."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. ते घाईघाईनं म्हणाले, "बाई, माझी चूक झाली असं समजा. पाच लिहून घ्या आणि मला सोडा."

"आता पाच चालणार नाहीत, सर. आता ते दबावाखाली दिलेत असं होईल. आमच्याकडे सगळं पारदर्शक असतं." तिनं एक ट्रे पुढे केला. "फोन इथे ठेवा. मत पिकायच्या आधी बाहेर जाऊ नये, असा नियम आहे."

"आणि मला जबरदस्तीनं ठेवून घेतलंत, तो दबाव नाही?"

"नाही सर, ती सेवा आहे. दुरुस्ती खेळाचं आम्ही तिकीट घेत नाही."

निरीक्षकांनी आणीबाणीच्या दाराकडे पाहिलं. तिथेही यंत्र होतं. त्या दाराला तीनच तारे पुरत असत, मात्र आग लागलेली असणं बंधनकारक होतं.

तीन वाजता दुरुस्ती खेळ सुरू झाला. तीनशे खुर्च्यांत निरीक्षक एकटे, आणि एक खुर्ची सोडून समाधान कक्षातली मुलगी मांडीवर तक्ता घेऊन बसलेली. हसू, आसू, सुस्कारा आणि खुर्चीच्या कडेला सरकून बसणं, असे चार रकाने होते. निरीक्षक पहिल्या विनोदाला मोठ्यानं हसले. मुलीनं वाकून सांगितलं, की तो कप्तानाच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. हे हसू आसवांतून वजा करावं लागेल.

त्यानंतर ते जपून राहिले. कप्तान रडला की तेही नाक ओढत. दुसऱ्या वेळी समुद्र पहिल्याइतका चांगला वाटला नाही आणि आचाऱ्याचे कांदे नकली आहेत हे ध्यानात आलं. वहीत आता दीड लिहावे लागले असते. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहण्याचा रकाना तक्त्यात नव्हता, त्यामुळे ते त्यांनी बावीस वेळा केलं.

पाच चाळीसला ते व्यवस्थापकांसमोर उभे होते. व्यवस्थापक फिकट, हसतमुख आणि बरेच दिवस उन्हात न गेलेले गृहस्थ होते.

"पाच," निरीक्षक म्हणाले. "मनापासून."

"आनंद आहे, साहेब. फक्त दोनातून पाचात जाणाऱ्यांना पन्नास शब्द लिहावे लागतात. काय भावलं, ते. पण खोटं लिहू नका हं. खोटं आम्हाला लगेच ओळखू येतं, मी स्वतः फार खोटं लिहिलंय."

इथे घोडं अडलं. निरीक्षकांनी चौतीस वर्षांत एकाही खोट्या वजनावर शिक्का मारला नव्हता. कप्तानाबद्दल बरं असं एक वाक्य त्यांच्या हातून उमटेना. पाच बेचाळीस झाले, पाच चव्वेचाळीस झाले. शेवटी त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे दोन गल्ल्यांपलीकडचा तो जुना चित्रपट आला, आणि त्यांनी त्याच्याबद्दल लिहून टाकलं :

'मुलगी किती वर्षांनी घरी येते. भांडून गेलेली असते. बाप दार उघडतो. बोलत काहीच नाही. उंबऱ्याशी त्याच्या स्वतःच्या चपला मधोमध असतात, त्या तो पायानं हळूच बाजूला सरकवतो आणि तिच्या चपलांपुरती जागा करतो. एवढंच. मी घरी चालत गेलो. दोन दिवस मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. हा प्रसंग माझ्या माणसानं एकदा तरी बघावा, असं वाटतं.'

व्यवस्थापकांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "वा! चपलांचा प्रसंग! माझाही तोच सगळ्यात आवडता." त्यांनी हा चित्रपट एकशे बारा वेळा पाहिला होता. तो अथपासून इतिपर्यंत जहाजावर घडत होता, सगळी पात्रं बुटांत होती आणि अख्ख्या चित्रपटात चप्पल एकही नव्हती.

"आता जाऊ?"

"पडताळणीला पंचवीस मिनिटं लागतात, साहेब."

"आणि हे लिहिलेलं?"

"ते प्रसिद्ध झालं की! प्रसिद्धी तात्काळ, पडताळणी नंतर. तुमच्या नावानं, तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना गेलंसुद्धा."

सहा वाजून अकरा मिनिटांनी पट्टी सरकली. फोन हातात आला. ताईचा निरोप होता, शेजारणीकडून टाइप करून घेतलेला : 'तुझं लिहिलेलं हिनं वाचून दाखवलं. इतक्या मनापासून तू कधीच काही लिहिलं नव्हतंस. दुसरीकडे कुठे जात नाही आता. हिला घेऊन आले आहे, आत बसतोय.'

निरीक्षकांनी त्या दिवसातलं दुसरं तिकीट काढलं आणि धावत आत शिरले. ताईला हाताला धरून उठवायचं, असं ठरवूनच ते गेले होते. सातव्या रांगेत ती सापडली. नवी साडी, मान पुढे काढलेली, उरलेला डोळा पडद्याला लावलेला.

"आलास? बरं झालं बाई," ती कुजबुजली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "हे बघ, चपलांचं आलं की मला आधी सांग. तेवढं माझं चुकायला नको."

निरीक्षकांना उभ्या जन्मात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन गल्ल्यांपलीकडे एव्हाना दार उघडलं असेल, बाप उंबऱ्याशी आला असेल. "सांगतो," ते म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

कप्तान सात वेळा रडला. दर खेपेला ताई पुढे झुकून विचारी, "आता का रे?" आणि ते म्हणत, "अजून नाही."

दिवे लागले. लोक उठले. ताई बसूनच राहिली.

"गेला वाटतं तो प्रसंग," ती म्हणाली. "मला दिसलाच नाही. उद्याचं कशाला, हा डोळा आजच गेला म्हणायचा."

"ताई, तसा प्रसंग या सिनेमात नाहीये," निरीक्षक म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण आता त्यांना सगळ्याचा कंटाळा आला होता. "मी दुसऱ्याच सिनेमाचं लिहिलं. यात चपलाच नाहीत. तुझा डोळा शाबूत आहे."

"अहो, असं काय करता!" शेजारीण ओढणीनं डोळे टिपत म्हणाली. "इतका सुंदर घेतलाय तो सीन. मला तर रडूच कोसळलं."

"त्यानं चपला सरकवल्या ना, तेव्हा मी मागे वळून बघितलं," पुढच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले. "सगळं थिएटर रडत होतं. काका, तुमचा डोळा लागला असेल."

"उजव्या पायानं सरकवल्या," त्यांची बायको म्हणाली.

"डाव्या," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचं त्यावरून थोडं वाजलं.

ताईनं चाचपडत निरीक्षकांच्या गालावरून हात फिरवला.

"असू दे रे," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलू नकोस. तू कधी बोलत नाहीस."

निरीक्षकांनी व्यवस्थापनाला लेखी कळवलं, की आपलं मत चुकीच्या चित्रपटाबद्दल आहे, ते मागे घेण्यात यावं. उत्तर आलं, की तो प्रसंग आवडल्याचं आतापर्यंत साडेअकरा हजार प्रेक्षकांनी नोंदवलं आहे. तेव्हा तो चित्रपटात नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर राहील, आणि त्यासाठी अर्जदारानं दुरुस्ती खेळाला हजर राहावं.

त्या आठवड्यात आकडा चार पॉइंट नऊवरून पाचावर गेला. चपलांचा प्रसंग सगळ्यांनाच आवडला. तुम्हालाही आवडला होता, परवाच तर तुम्ही कुणाला तरी सांगत होता.