सोलकरचाचांच्या बिनचेहऱ्याच्या राण्या

सोलकरचाचांच्या दुकानात पाठ करून बसायला बंदी होती. माणसांकडे नव्हे, भिंतीवरच्या बायकांकडे. "फिरून बस रे. खानदानी बाई आहे," असं म्हणून ते पाहुण्याला स्टुलासकट फिरवत. मी फिरून बसायचो. समोरच्या खानदानी बाईला चेहराच नसायचा.

अजमानला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांची एक खोली होती. बाहेर पाटी 'साइनबोर्ड पेंटर'ची आणि आत सगळं युरोप. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या तिकडच्या राण्या आणि सरदारणी, मखमली झगे, गळ्यात मोती, हातात पंखा. दुबईतल्या हॉटेलांना आणि व्हिलांना अशा बायका सोनेरी फ्रेममध्ये लागत. डेकोरेटर एक जाडजूड पुस्तक आणून पानावर बोट ठेवी, आणि चाचा ती बाई कॅनव्हासवर उतरवत. झगा, लेस, खुर्ची, पायाशी बसलेलं कुत्रं, सगळं आधी. चेहरा शेवटी, तोही दार लावून. त्यामुळे कधीही जा, पाच-सहा बायका मानेवर नुसता पांढरा गोळा घेऊन बसलेल्या. एसी असा की हुडहुडी भरावी. ती एसीमुळेच भरते, असं मी स्वतःला सांगत असे.

डेकोरेटरचा फोन येई. "यल्ला चाचा, कब देगा?"

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," म्हणून चाचा रिसीव्हर ठेवत आणि बिनचेहऱ्याच्या राणीला सांगत, "बोंबलू दे त्याला. घाईचं काम खानदानी नसतं."

एकदा ऑफिसच्या पार्टीला दुबईतल्या एका हॉटेलात गेलो. जिन्याच्या वर चाचांची सरदारीण होती. निळा झगा मी लगेच ओळखला. मग चेहरा पाहिला आणि माझा हात आपोआप कठड्यावर गेला. भरल्या अंगाच्या, हिऱ्यांनी मढलेल्या त्या बाईच्या खांद्यांवर सात वर्षांच्या पोरीचं तोंड होतं. पुढचा एक दात पडलेला.

दोनेक वर्षांनी शारजाला दातांच्या डॉक्टरकडे पुन्हा तीच. झगा वेगळा, पोरगी तीच. दात आला होता. पुढे दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका रेस्टॉरंटमध्ये ती आमच्या टेबलाच्या वरच होती, आता बारा-तेरा वर्षांची.

"अहो, ही मोठी होतेय," बायको कुजबुजली.

"बाबा, कॅन वी चेंज द टेबल?" लेक म्हणाली. आम्ही टेबल बदललं. गिऱ्हाइकांची मात्र काही तक्रार नव्हती. युरोपातल्या बायका अशाच दिसतात, असा त्यांचा समज असावा.

उलगडा झाला टेलिफोन बूथवर. शुक्रवारी नमाजनंतर चाचा घरी फोन लावत आणि मी मागे रांगेत.

"नाक कसं आहे आता?" चाचा ओरडत होते. "अगं, नाकासारखं म्हणजे काय? लांबलं का? भुवया जुळल्या? हनुवटी कुणावर गेली?" आणि हातातल्या लिफाफ्यावर पेनने भराभर काढत होते. हरवलेल्या माणसाचं वर्णन पोलीस लिहून घेतात ना, अगदी तसं.

त्या दिवशी चाचा बोलले. रझिया चार वर्षांची असताना ते रत्नागिरीहून इकडे आले, ते परत गेलेच नव्हते. बायको आणि मुलगी सासऱ्यांकडे. सासरे फार कडक, घरात फोटो चालत नाही आणि माणसाचा चेहरा काढणं तर थेट गुनाह. चाचांनी सांगून ठेवलं होतं, दुकानांच्या पाट्या रंगवतो.

"फोनवर खोटं बोलता येतं रे. त्यांच्यासमोर बसून नाही जमायचं. आणि खरं बोललो तर पोरगी नजरेला पडू देणार नाहीत." लिफाफा खिशात ठेवत म्हणाले, "ती मोठी होताना बापाने बघायला नको?"

म्हणून दर शुक्रवारी फोनवर रझियाशी बोलून झालं की बायकोकडून चेहरा मागून घ्यायचा आणि कुठल्यातरी सरदारणीला लावायचा. मला गलबलून आलं आणि भीतीही वाटली.

रझिया पंधरा वर्षांची झाली तेव्हा गावातल्या एका कुटुंबाचं अजमानला यायचं ठरलं. त्यांच्याबरोबर तिला महिनाभर व्हिजिट व्हिसावर पाठवायला सासरे कसेबसे तयार झाले. पासपोर्टपुरता एक फोटोही त्यांनी काढू दिला. त्या पासपोर्टची कॉपी फॅक्सने आली तशी चाचा तीन जिने धावत वर आले. चेहऱ्याच्या जागी काळाकुट्ट चौकोन होता. बाहेर दोन कान तेवढे दिसत होते.

"कान माझ्यावर गेलेत," चाचा म्हणाले. त्यातही त्यांना आनंद होता.

शारजा विमानतळावर मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. वाटेत एकच प्रश्न. "ओळखीन ना रे मी तिला?"

"चाचा, तुम्ही तर तिला रोज बघता," मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं.

माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर येऊ लागली. प्रत्येक मुलीकडे बघून चाचा मान हलवत. "ही नाही, नाक जाड आहे. हीपण नाही." चष्मा लावलेली, डोक्यावर ओढणी घेतलेली एक काटकुळी पोरगी अगदी समोर येऊन उभी राहिली. चाचा तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "जरा सरक बेटा, मागचं काही दिसत नाही."

पोरगी हलली नाही. "अब्बा? आवाज तुमचाच आहे."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करून सगळं पाहिलं. अकरा वर्षं काढलेल्या चेहऱ्यातली एकही रेघ तिथे नव्हती. कान ओढणीखाली. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पोरीचा ओठ थरथरायला लागला.

मग चाचांनी डोळे मिटले.

"बोल काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू? अम्मीने सुक्या कोळंबीचे सोडे दिलेत. कस्टमच्या माणसाने बॅग उघडायला लावली, सगळीकडे वास सुटला. नानांची तब्येत बरी आहे. विमानात मला कानात दडे बसले..."

मिटल्या पापण्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. "हां," चाचा म्हणाले. "हीच."

गाडीपर्यंत ते तिच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटूनच चालत आले. ती मध्येच गप्प झाली की म्हणत, "पुढे बोल."