वामनरावांच्या टीव्हीची चित्रसुधार समिती

घरातल्या टीव्हीचं चित्र स्पष्ट नसणं ही अब्रूची बाब आहे. बायको आजारी पडली तर शेजारी सवडीनं विचारतात. टीव्हीवर मुंग्या आल्या तर त्याच संध्याकाळी विचारतात.

सक्करदऱ्यातल्या वामनरावांचा (बांधकाम खात्यातून निवृत्त, त्यामुळे कशाचीच घाई नाही) कृष्णधवल संच मोहल्ल्यात सगळ्यात आधी आला. साहजिकच म्हाताराही तोच आधी झाला. पडद्यावर कोण आहे हे आता आवाजावरून ओळखावं लागे, आणि मूकपणे कोणी दिसलं तर त्याची ओळख पटतच नसे.

जानेवारी लागला आणि शेजारच्या रुखमाबाई आल्या. त्यांचा केशव फौजेत. दोन वर्षं त्याला सुट्टी नव्हती, आणि यंदा सव्वीस जानेवारीला तो दिल्लीच्या संचलनात चालणार होता.

"माहा केशव तिसऱ्या रांगीत राहीन, पार कडेले," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंड तेवढं दिसलं पाह्यजे, भाऊ."

विषय नाजूक असल्यानं समिती नेमणं आलं. अध्यक्ष वामनराव, कारण टीव्ही त्यांचा. तज्ज्ञ विश्वनाथ सर (विषय रसायन, पण शास्त्र ते शास्त्रच). सदस्य ओमप्रकाश शेठ, कारण अँटेनापर्यंत पोचणारी शिडी त्यांची.

बर्डीच्या बाजारातून तीन साधनं आणून पारखली गेली. अँटेनाला बूस्टर लावल्यावर माणसं ठळक झाली. मुंग्या अधिक ठळक झाल्या. वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा असा प्लास्टिकचा रंगीत पडदा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला फारच शोभला. बातम्यांच्या बाई मात्र रोज गवतात बसू लागल्या. सरांनी सुधारणा साठ टक्के ठरवली आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांना दिल्ली जबाबदार धरली. तिसरं भिंग. त्यानं चित्र भलं मोठं दिसे, पण अगदी समोर बसणाऱ्यालाच. बाजूनं पाहिलं की मंत्र्यांची कपाळं वाकत.

निवड मतदानानं झाली. तीन सदस्य, तीन साधनं, प्रत्येकाला एकेक मत. म्हणून तिन्ही बसवली. लोकशाहीत याहून न्याय्य काही सुचत नाही.

सव्वीस तारखेला खोली भरली. भिंगाचं तंत्र सांभाळण्यासाठी समिती अगदी समोर खुर्च्यांवर बसली. रुखमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन दाराशी बसल्या. पुढे या असं त्यांना कोणी म्हणालं नाही, कारण पुढे जागा नव्हती.

केशवची तुकडी आली. नेमका तेव्हाच रंगीत पडदा घसरला. शेठ तो धरायला उठले, सर भिंग सावरायला उठले आणि वामनराव बटण पिळायला वाकले. चित्र खरोखर आरशासारखं लख्ख झालं. यावर समितीचं एकमत आहे. तेवढ्यात तुकडी निघून गेली.

वामनरावांनी अभिमानानं मागं वळून विचारलं, "कसं दिसलं, बाई?"

रुखमाबाईंना रडू आलं होतं. ते गिळून त्यांनी डबा उघडला. "तुमच्या तिघायच्या पाठी साफ दिसल्या, भाऊ," त्या म्हणाल्या आणि लाडू वाटू लागल्या.

समितीनं हा अभिप्राय अनुकूल धरला आणि लाडू खाल्ले.

वाचकांनी समितीला खुशाल हसावं. बूस्टर, रंगीत पडदा, भिंग हे तर आता तुम्हालाही क्रमानं पाठ असेल. फक्त हसण्याआधी एवढं सांगा, केशव कितव्या रांगेत होता? (वर पाहायचं नाही.)