मिस्टर उन्मयी यांस वसतिगृह मिळालें त्याचें वर्तमान

श्रीगजाननाचें स्मरण करून आणि सरस्वतीची आज्ञा घेऊन, जें घडलें तें लिहितों. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, आषाढमासीं, एका राज्यांत रंगनाथराव सोमठाणकर म्हणून गृहस्थ नांदत होते. त्यांची कन्या मृण्मयी कृषिविद्या शिकावयास दूरच्या महाविद्यालयीं निवडली गेली आणि घरीं पेढे वांटले. मग तेथील प्रवेशकचेरीचा हुकूम संगणकावर आला. पाहतात तों, मृण्मयी हें नांव इंग्रजींत लिहितां पहिलीं दोन अक्षरें एम आणि आर, तीं कचेरीच्या यंत्रानें तोडून 'मिस्टर' ऐसीं वाचलीं, आणि 'मिस्टर उन्मयी' यांस मुलांच्या वसतिगृहीं खोली बहाल केली. रावसाहेब खवळले आणि ईमेल लिहावयास बैसले, "तुमच्या कचेरीत माणसं आहेत की खांब?" कन्येनें हात धरिला. म्हणाली, "बाबा, खोली त्यांच्याच हातात आहे. जरा गोड लिहा ना." मग रावसाहेबांनीं पवित्रा बदलिला आणि 'सकलगुणालंकृत, विद्यार्थिप्रतिपालक' येथून आरंभ करून दोन पानें नुसते नमस्कार घातले. कन्या वाचून म्हणाली, "यात खोलीचं कुठंच नाही." रावसाहेब वदले, "राहिलं वाटतं. नम्रपणाच्या भरात."

मग कन्येनें स्वतःच लिहिलें, "सादर नमस्कार. मला मुलींच्या वसतिगृहात खोली मिळावी, ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व." आणि कचेरीच्या अधिकारी बाईंचें उत्तर आलें, "मिस्टर उन्मयी, आपली मागणी अत्यंत आक्षेपार्ह आहे. पुन्हा केल्यास प्रवेश रद्द होईल." घरांत हाहाकार जाहला. कन्येच्या डोळां पाणी आलें, आणि रावसाहेब "गाडी काढतो!" म्हणून गर्जले, आणि कन्येनें डोळे पुसून पुन्हां लिहिलें, "मॅडम, आपण मुलींची इतकी काळजी घेता हे पाहून धीर आला. त्या मुलींपैकीच मी एक. माझं नाव मृण्मयी, एकच शब्द आहे, तो तुटलाय. कृपया एकदा फोन करावा."

हें वाचून प्रवेशकचेरीच्या अधिकारी कुंदाताई नाखरे चमकल्या आणि त्यांनीं फोन लाविला. "मिस्टर उन्मयी आहेत का?"

"मीच बोलतेय, मॅडम."

पलीकडे भराभर कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई! म्हणजे ते मिस्टर उदुला आणि मिस्टर इनाल..."

"मृदुला आणि मृणाल असतील, मॅडम."

"त्या दोघांना मी काल पोलिसांची धमकी दिली गं!"

मग कुंदाताईंनीं त्याच दिवशीं हुकूम फिरविला आणि तिघींस मिळून एक खोली दिली. पुढें रावसाहेब कन्येस पोहोंचवावयास स्वतः गेले, आणि वाटेंत कडक शब्द जुळवीत गेले, परंतु कुंदाताईच आधीं उठून म्हणाल्या, "चुकलं आमचं." तेव्हां रावसाहेबांचे शब्द निराळेच निघाले, "पहिल्यांदाच घराबाहेर राहतेय हो." कुंदाताईंनीं खुर्ची पुढें केली. "चहा घ्या, आणि बसा थोडं. सगळेच बाप बसतात."

सारांश, मृण्मयीस खोली मिळाली, मृदुला आणि मृणाल दप्तरीं मुली ठरल्या, आणि रावसाहेब दिवस मावळेतों कचेरींत बसून राहिले. कोणीं त्यांस उठविलें नाहीं.