जळत्या चुलीचा पंचनामा

मंगळवारी सकाळी सव्वादहाला आमच्या गावातली वीज गेली. त्याआधी दोन दिवस हिमवादळ चालू होते आणि बर्फ खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत चढला होता. तरीही वीज जाईल असे कुणाला वाटले नव्हते, कारण ती जाणार नाही असे जिल्हा कार्यालयाने ऑक्टोबरातच लेखी कळवले होते.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेले आमचे गाव हे जिल्ह्यातले पहिले धूरमुक्त गाव. दोन वर्षांपूर्वी तशी मोहीम निघाली आणि घरोघरच्या विटांच्या चुली फोडण्यात आल्या. चूल फोडणाऱ्याला एक इलेक्ट्रिक हीटर आणि लाकडी चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र मिळे. मी गावच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आदर्श म्हणून माझी चूल सर्वांत आधी फोडली गेली. आमच्या शेजारणीने, बर्मेतने, चुलीच्या जागी काचेचे कपाट उभे केले आणि कधीच वापरायच्या नसलेल्या कपबश्या त्यात मांडल्या. महिन्याभरात गावात कपाटांची चढाओढ लागली.

चूल फोडली नाही ती एकट्या झूराकान आपाने. आपा तीस वर्षे जिल्ह्याच्या कोर्टात कारकून होती. "हीटरवर रस्सा शिजतो का?" एवढेच विचारून तिने मोहिमेच्या लोकांना वाटेला लावले. तेव्हापासून ग्रामकचेरीच्या फलकावर 'मागासलेली कुटुंबे' या मथळ्याखाली तिचे एकटीचे नाव होते. मथळा अनेकवचनी होता, कारण तो छापील आला होता.

बुधवारी पारा उणे अठ्ठावीसवर गेला. हीटर भिंतीशी पांढरेशुभ्र उभे होते. सबंध गावात एकाच धुराड्यातून धूर निघत होता. दहाच्या सुमाराला बर्मेत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन आपाकडे गेली. सहज. अकरापर्यंत आणखी चौदा जण सहज आले. त्यांत मी, माझी बायको आणि चार नि सहा वर्षांच्या माझ्या दोन मुली होतो.

"किती दिवसांनी आले गं तुझ्याकडे, आपा," बर्मेत हात शेकत म्हणाली.

"दोन वर्षांनी," आपा म्हणाली. "कपाट आणल्यापासून. बस. पाय पूस आधी."

तिने सगळ्यांना दूध-मीठ घातलेला चहा दिला. तिचा नवरा इमानाली चुलीला पाठ लावून बसला होता. जन्म मेंढ्यांमागे डोंगरात गेलेला, आता छातीने अधू. थंड हवा लागली की त्याला खोकल्याची उबळ येई आणि ती लवकर थांबत नसे. तो सरकला आणि माझ्या मुलींना त्याने जागा करून दिली.

गुरुवारी दुपारी घोड्यावरून सापार कासिमोविच आले. सापार साहेब जिल्ह्याच्या धूरमुक्ती विभागाचे निरीक्षक. त्यांचे कार्यालय सहा किलोमीटरवर, आणि तिथलेही हीटर बंदच. तिथल्या खिडकीतून त्यांना आमच्या गावावर एक धुराची रेघ दिसली होती. तक्रार आल्याशिवाय कार्यालय जागचे हलत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच तक्रार लिहिली, स्वतःच ती दाखल करून घेतली आणि कंबरभर बर्फातून चौकशीला आले.

"या घरातून धूर निघतो आहे," ते उंबऱ्यातून म्हणाले.

"सापार, आधी दार लाव," आपा म्हणाली. "ऊब बाहेर चाललीये."

त्यांनी दार लावले. मिशांवरचा बर्फ वितळून कागदावर पडू लागला. पेनातली शाई गोठली होती, ती चुलीजवळ धरून पातळ करावी लागली. बोटे वाकेनात, म्हणून पंचनामा लिहायचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले आहे.

"मग विझवू का?" आपाने विचारले.

"मुळीच नाही. विझवलीत तर गुन्हा कशाचा राहिला? हा विस्तव जप्त करण्यात येत आहे."

"घेऊन जा मग."

"मुद्देमाल जागेवरच राहील, आरोपीच्या जबाबदारीवर. वरिष्ठ पाहणी करून जाईपर्यंत तो जळता असला पाहिजे."

"आणि वरिष्ठ कधी येणार?"

"रस्ता मोकळा झाल्यावर." सापार साहेबांनी बूट काढले. "तोवर पहाऱ्याला मी आहे."

नियमाप्रमाणे जप्त मुद्देमालाजवळ पंचांखेरीज कुणाला थांबता येत नाही. तसे त्यांनी जाहीर केले. बर्मेत लगेच पुढे सरकली.

"माझं नाव लिहा, मास्तर. मी धूर पाहिलाय."

"स्वतः?" साहेबांनी विचारले.

"स्वतः. रोज बघते. कपडे वाळत घालताना तर फारच."

त्यानंतर मला लिहिता लिहिता दम लागला. एका म्हाताऱ्याने सांगितले की हा धूर तो लहानपणापासून पाहत आला आहे आणि त्यामुळे त्याची जागा चुलीच्या अधिक जवळ असायला हवी. बातमी फुटताच उरलेले गावही बर्फ तुडवत साक्ष द्यायला आले. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस सह्या झाल्या. सतरावी माझी. अठरावी आणि एकोणिसावी माझ्या मुलींची, पालक या नात्याने मीच केलेली. आपा आमच्यामधून किटली घेऊन फिरत होती. प्रत्येक जण सही करून कप पुढे करत होता.

शुक्रवारी सकाळी सापार साहेबांच्या लक्षात आले की आरोपी आणि साक्षीदार एका छपराखाली आहेत.

"हे चालणार नाही. साक्षीदारांवर दडपण येतं."

"दडपण कसलं?" आपा म्हणाली. "मी त्यांना चहा देतेय."

"तेच म्हणतोय मी. चहा पाजून साक्ष फिरवता येते."

आम्ही आपापल्या कपात पाहू लागलो.

आपाने किटली खाली ठेवली. मग तिने लोकरीच्या नमद्याची घडी खांद्यावर टाकली, इमानालीला उठवले आणि ती त्याला धरून अंगणापलीकडच्या गोठ्याकडे निघाली. दार उघडताच त्याला उबळ आली. तो चौकटीला धरून खोकत राहिला आणि आत वारा येत राहिला. मी उठणार होतो. पण माझी जागा भिंतीला लागून होती आणि मध्ये पुष्कळ माणसे होती.

"दार लावा कुणीतरी," मागून कुणी म्हणाले. ते मी लावले.

गोठ्यात एक गाय आणि अकरा मेंढ्या होत्या. आपाने इमानालीला मेंढ्यांच्या मधोमध निजवले आणि वर नमदा टाकला. दिवसातून चार वेळा ती कोळशाची बादली घेऊन घरात येई, दार वाजवून परवानगी मागे, मुद्देमालात कोळसा घाली आणि परत जाई. साहेब तिच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवून घेत.

शनिवारी दुपारी ती रिकामी बादली घेऊन आली.

"कोळसा संपला. गोवऱ्याही सकाळीच संपल्या. मार्चपर्यंत पुरायच्या होत्या."

"पुरावा विझला तर वेगळं कलम लागेल, आपा," साहेब म्हणाले. बाकी त्यांच्या स्वरात काळजी होती. त्यांचे मोजे चुलीवर वाळत होते.

"आरोपी असमर्थ ठरली तर मुद्देमाल पंचांनी सांभाळायचा," आपा म्हणाली. "मला कलमं सांगू नकोस, सापार. तीस वर्षं मीच टाइप केलीत ती."

साहेबांनी पिशवीतले पुस्तक काढून पाहिले. तसे कलम होते.

"मग आता इमानालीला आत घे," आपा म्हणाली. "करायचं तर त्यालाही पंच कर. त्यानं पन्नास वर्षं हा धूर खाल्लाय."

"घरचा माणूस. त्याची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही."

आपाने रिकामी बादली माझ्यासमोर ठेवली आणि ती गोठ्यात निघून गेली.

कोळसा कुणाकडेच नव्हता, कारण चुलीच नव्हत्या. तासाभरात बर्मेतचे कपाट आले. कपबश्या तिने शालीआड सांभाळून ठेवल्या, लाकूड मात्र आत गेले. मग बाकीची कपाटे आली. रविवारी सकाळी धूरमुक्तीची प्रमाणपत्रे निघाली. चौकटी पाइनच्या, दोन वर्षे भिंतीवर वाळलेल्या. त्या फार छान पेटल्या. त्यांना वॉर्निश असल्याने धूर काळाकुट्ट निघाला, आणि साहेबांनी पुरावा बळकट झाल्याची नोंद करायला मला सांगितले.

बाराच्या सुमाराला वीज आली. पाच मिनिटांत घर रिकामे झाले. सापार साहेबही निघाले. कार्यालयातला हीटर चालू झाला असणार, त्यावर लक्ष ठेवायला कुणी नव्हते. मी शेवटी बाहेर पडलो, तेव्हा आपा आणि इमानाली अंगण ओलांडून येत होते. त्याने मला काहीतरी विचारले, पण आवाज फुटला नाही. तो आवाज अजूनही पुरता परत आलेला नाही. मी मान हलवली आणि घरी गेलो.

मंगळवारी रस्ता मोकळा झाला आणि वरिष्ठ आले. चूल थंड होती. त्यांनी एक्केचाळीस सह्या वाचल्या, गावकऱ्यांच्या जागरूकतेचे कौतुक केले आणि चूल पंचांच्या हातून फोडण्याचा हुकूम दिला. माणशी एकदोन विटा आल्या, काम चटकन आटोपले. आपाला हीटर मिळाला. चौकटी शिल्लक नसल्यामुळे प्रमाणपत्र तिला नुसतेच मिळाले. तिने ते हातात घेऊन शेवटपर्यंत वाचले आणि त्यातल्या टायपिंगच्या दोन चुका वरिष्ठांना दाखवल्या.

फेब्रुवारीत पुन्हा वादळ आले. सकाळी नऊला वीज गेली आणि दहापर्यंत आम्ही सगळे आपाच्या अंगणात जमलो. का, ते सांगता येणार नाही. पाय तिकडे वळले. धुराड्याच्या जागी छपराला पत्र्याचे ठिगळ होते. आपा गोठ्याच्या दारात उभी होती. आतून इमानालीचा खोकला ऐकू येत होता.

"आता आम्ही जायचं कुठं, आपा?" बर्मेतने विचारले.

"मला काय विचारतेस? हीटरला विचार."

"गोठ्यात जागा नाही का?"

"नाही. एक गाय आणि अकरा मेंढ्या आहेत. त्यांनी कशावर सही केलेली नाही."

आपाची नजर आमच्यावरून फिरत माझ्या मुलींवर थांबली. धाकटीचे ओठ निळे पडले होते. आपाने मला हाताने बाजूला केले आणि दोघींना आत घेतले.

"यांच्या सह्या आहेत, आपा," मी म्हणालो. खरे तेच मी सांगितले.

"यांना अजून लिहिता येत नाही, मास्तर," आपा म्हणाली आणि गोठ्याचे दार तिने आतून लावले.

आम्ही आपापल्या धूरमुक्त घरी परतलो. वाचणाऱ्याला वाटत असेल की आपण काही त्या पंचनाम्यावर सही केली नसती. मलाही अगदी तसेच वाटते, घरात वीज असते तेव्हा.