हिलाल पाटलांनी पसंत केलेलं कॉलेज

बडोद्याच्या कॉलेजचं छगनला बोलावणं आलं. प्रिन्सिपॉलसाहेब समोर बसवून इंग्रजीत प्रश्न विचारणार होते. छगन इंग्रजी घडाघडा वाचायचा, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. प्रवेश हुकला तर नंदुरबारला मामाच्या जिनात जन्मभर कापूस जोखायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं.

त्याच्या बापाला, हिलाल पाटलाला, यात अवघड असं काही दिसेना. "बघाले बलाई ऱ्हायनात ना? मंग चाला."

आता बघायला बोलावलंय म्हटल्यावर पोराला एकट्याला कोण पाठवतं? सोयरिकीच्या बैठकीत पोरानं खाली मान घालून बसायचं आणि बोलायचं ते वडीलधाऱ्यांनी, ही रीतच आहे. तेव्हा नंदुरबारला गाडीत तिघं चढले. हिलाल, त्याचा थोरला भाऊ सुकलाल आणि दोघांच्या मधे छगन. साहेबांच्या घरी द्यायला लाल मिरच्यांचं गाठोडंही होतं.

साहेब कोट-टायवाले, किडकिडीत, करड्या मिशांचे. त्यांनी छगनला इंग्रजीत विचारलं, "तुला इथंच का शिकायचंय?"

छगननं तोंड उघडायच्या आत हिलालनं त्याचा गुडघा दाबला. "तू गप ऱ्हाय." मग साहेबांना आपल्या अहिराणीत म्हणाला, "आदी हाई सांगा, पगार काय शे तुम्हना?"

"काय म्हणतायत वडील?" साहेबांनी इंग्रजीतच विचारलं.

झालं का आता! खरं सांगावं तर मामाचं जिन ठरलेलं. छगनला दरदरून घाम फुटला आणि कुठून कोण जाणे, इंग्रजीही फुटली. "वडील म्हणतात, आपल्या कॉलेजचं नाव आमच्या खेड्यापर्यंत पोचलंय."

"खानावळमा तूप देतस का नुसतं तेल?" सुकलालकाकांनी विचारलं.

"काका म्हणतात, इथलं ग्रंथालय फार मोठं दिसतंय."

काकांनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि भावाला म्हणाले, "साहेबच इतला वाळेल शे, तं पोरेसले काय खावाडतस?"

"काका म्हणतात, विद्येसाठी असा देह झिजवणारे गुरू आता कुठं राहिलेत?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "ठीक आहे. तुला प्रवेश दिला."

छगनला रडूच यायचं बाकी होतं. त्यानं ते बापाला सांगितलं. पण लगेच हो म्हटलं तर मुलाकडच्यांचा मान काय राहिला? हिलाल उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "आम्ही घर जाईसन इचार करसूत. मंग कळाडसूत."

"वडील म्हणतात," छगन एका दमात बोलून गेला, "फार उपकार झाले साहेब, नाव आत्ताच लिहून घ्या."

साहेबांनी नाव लिहिलं, टाक खाली ठेवला आणि हिलालकडे वळले. "करा ना इचार खुशाल, पाटील. तूप रोज भेटस आठे. पन मी वाळेल शे, हाई तुम्हना पोऱ्यानी मले काही सांगं नही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं छगनला झालं.

"मन्ही माय शिरपूरनी शे," साहेब म्हणाले. "आनि ज्याले इंग्रजीमा इतलं खोटं बोलता येस, त्याले आखो काय इचारू?"

हिलालनं खुर्ची ओढली आणि पुन्हा ऐसपैस बसला.

"शिरपूरनी? मंग आदीच सांगानं व्हतं ना, साहेब. आम्हना होकार शे."