दगाजी सरांची लवंग

दगाजी सर मधमाश्यांची शिकवणी घेत. फी नाही, सुट्टीही नाही.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी शहाद्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला गेलो. सर तिथे विज्ञान शिकवत आणि माझ्या शेजारच्या खोल्यांत राहत. केळीच्या बागेतून ते माश्या पकडून आणत आणि बोरूच्या नळीत एकेक अशी बसवत, की फक्त डोकं बाहेर राही. मग लवंगेचा वास द्यायचा आणि लगेच साखरपाण्याचा थेंब. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नुसत्या वासानेच माशी जीभ बाहेर काढी.

"गोड लागनं की डोकाम्हा रस सुटस," सर सांगत. "मंग वास इसरात नही."

कसला रस, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण उत्तर चुकलं की वर्गात विचारत, "रस सुटना का नही?" एकदा भर सभेत हेडमास्तरांनाही विचारलं.

एके सकाळी त्यांनी खिडकीत सात नळ्या मांडल्या आणि वरून लवंग फिरवली. सात जिभा एकदम बाहेर आल्या. आवाज कसलाच नाही. माझ्या अंगावर काटा आला. सर मात्र खुशीत मांडीवर ताल धरत होते.

त्यांची म्हातारी आई कुणालाच ओळखत नसे. सरांनाही नाही. एका दुपारी मी त्यांच्या दारात थबकलो. सर तिच्या नाकाशी लवंग धरत, जिभेवर गुळाचा खडा ठेवत आणि म्हणत होते, "माय, मी दगा." पुन्हा लवंग. म्हातारीचे डोळे मिटलेलेच होते. जीभ तेवढी हळूच बाहेर आली.

मी पाऊल न वाजवता परत फिरलो.

पुढच्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती. दाढेखाली लवंग धरूनच मी सरांचं वर्तमानपत्र परत करायला गेलो. माय खाटेवर बसली होती. नमस्काराला वाकलो, तसा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"दगा! उना का रे, भाऊ?"

सर मागेच उभे होते, हातात गूळ. लवंग थुंकावी की गिळावी, मला कळेना.

"हो म्हणा, सर," ते हळूच म्हणाले. "किती महिन्यांनी नाव घेतलंय."

"हां माय, उनू," आलो, असं मी त्यांच्याच बोलीत म्हणालो.

ती माझे गाल कुरवाळत राहिली. मग तिची नजर सरांकडे गेली.

"हाऊ कोन शे रे?"

सर पुढे झाले, तिच्या पायांवरची गोधडी नीट केली.

"मी शेजारना शे, माय."