देवस्थळींचा कूलर

घरात केबल आली आणि पद्माकर देवस्थळी बिघडले. एरवी नोएडाच्या कंपनीत पर्चेस सांभाळणारा हा सरळमार्गी माणूस! पण टीव्हीवर कुणीतरी सॅक्सोफोन वाजवताना दिसलं, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी तो आणलाच.

पहिल्याच रविवारी मयूर विहारातल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुराना दारात हजर. "देवस्थळीजी, एक और कंप्लेंट आई, तो ये बाजा सोसायटी के बाहर!"

"वाजवणार!" पद्माकर कडाडले (दार लावून घेतल्यावर). "जूनमधल्या ॲन्युअल डेला स्टेजवर वाजवणार! बघतोच कोण अडवतो ते!"

"अहो, आधी आवाज तरी कमी करा," साधनाबाई म्हणाल्या.

म्हणून म्यूट आला. म्यूट म्हणजे भोंग्याच्या तोंडात बसवायची एक जाड कडी. पद्माकरांनी ती बसवली, वर दोन मोजे कोंबले (न धुतलेले, म्हणजे दरारा जास्त). आवाज जेवढा होता तेवढाच! बाजाच्या अंगावरच्या भोकांतूनही तो बाहेर पडतो, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

मग त्यांचं लक्ष खिडकीतल्या कूलरकडे गेलं. मे महिना. कूलर फुल स्पीडला सोडला की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. पद्माकर रोज संध्याकाळी त्याला चिकटून वाजवू लागले. स्वतःलाच ऐकू येत नाही, तर जगाला काय येणार? (कूलरचं अर्धं अंग खिडकीबाहेर आणि त्याला तिन्ही बाजूंनी नुसतं गवत, हे त्यांनी मनावर घेतलं नाही.)

आठवड्यानं खुराना परत दारात.

"भाईसाहब, आपका कूलर बहुत रो रहा है. तेल डलवाओ यार, मिसेस का सिर दुखता है."

साधनाबाईंनी तोंडात पदर कोंबला. पद्माकरांची अशी तगमग झाली म्हणता! खरं सांगावं तर बाजा जातो, न सांगावं तर इज्जत जाते. शेवटी त्यांनी मान खाली घातली. "हां जी. पुराना है."

"कूलर काय!" खुराना गेल्यावर साधनाबाई खिदळल्या.

"हसू नकोस! तक्रार कूलरची आहे, बाजाची नाही!" ते गुरगुरले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वेळ दुप्पट केला. खुरानांनी दोनदा मेकॅनिक पाठवला. पद्माकरांनी दोन्ही वेळा निमूटपणे तेल घालून घेतलं.

ॲन्युअल डे उजाडला. मंडपात दोन्ही बाजूंना दोन दांडगे कूलर. पद्माकर स्टेजवर चढले. आज म्यूट नाही, मोजे नाहीत! डोळे मिटून त्यांनी पहिला सूर लावला.

पुढच्या रांगेतून खुराना ताडकन उठले. "ओ टेंटवाले! इनका भी वही हाल है! बंद कर दोनों!"

कूलर बंद झाले. सूर चालूच! खुरानांचं दोन्ही कूलरकडे बघून झालं, मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं आणि त्यांना अख्खा मे महिना आठवला.

"देवस्थळीजी... वो आप थे?"

पद्माकरांनी एक डोळा उघडला. बाजा आता जाणारच ना? मग वाजवूनच जाईल! त्यांनी गाणं शेवटपर्यंत वाजवलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. भर जूनमध्ये दोनशे माणसं घामानं निथळत पत्रिकांनी वारा घेत बसली.

संपलं, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. पद्माकरांचे डोळे भरून आले. कमरेत वाकून नमस्कार करत ते खाली उतरले.

"ऐकलंस? टाळ्या ऐकल्यास?"

"ऐकल्या हो," साधनाबाई घाम पुसत म्हणाल्या. "कूलर सुरू केले ना टेंटवाल्यानं."